पडवीतली गाडी पुन्हा रस्त्यावर: आधी ब्रेक, मग इंजिन

बरीच वर्षं उभ्या असलेल्या मोटरसायकलवरची ताडपत्री ओढली की हात आपोआप चावीकडे जातो आणि पाय किककडे. तो पाय आवरा. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल केव्हाच खाली ओघळलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथे गंजाची बारीक कड धरलेली असू शकते, आणि कोरड्यावर मारलेली प्रत्येक किक त्या कडेवरून रिंग घासत नेते. त्याहून धोक्याचं म्हणजे गाडी चालू होणं. चालू झाली की कुणी थांबत नाही. नाक्यापर्यंत चक्कर मारून येतो म्हणून निघतात आणि ब्रेक लागत नाही हे उतारावर कळतं.

म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी गाडी थांबेल याची खात्री करायची, मग ती चालू करायची खटपट. मेकॅनिककडे टाकणार असाल तरी त्याला हाच क्रम धरायला सांगा. इंजिनाचा आवाज ऐकायची घाई त्यालाही असते.

डोळ्यासमोर धरली आहे ती २००८-१० च्या सुमाराची हीरो होंडा स्प्लेंडर: कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), दोन्हीकडे ड्रम ब्रेक, किक. कारण गावच्या पडवीत नाहीतर सोसायटीच्या जिन्याखाली बहुधा हीच उभी असते, आणि हिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. बुलेट, यामाहा आणि नव्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांचं वेगळं काय ते पुढे येईलच.

कागद

कंटाळवाणं काम आहे, पण ते आधी उरका, कारण त्यावर खर्चाचा अंदाज ठरतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००९ ची गाडी २०२४ मध्येच मुदतीबाहेर गेली. तिचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि पुढे ५ वर्षांसाठी मिळतं. मोटरसायकलची फी १,००० रुपये आहे, गाडी २० वर्षांपुढची असेल तर २,०००. उशिराला दर महिन्यामागे ३०० रुपये जास्त पडतात. चार वर्षांच्या उशिराचा हिशेब करून बघा म्हणजे घाई का करायची ते कळेल. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर आहे. जुने ई-चलन अडकलेलं आहे का तेही बघून घ्या.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरतो. १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवरचं ते बंधन दिल्ली आणि आसपासच्या भागातलं आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली तर ती चालवता येते.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. हे निस्तरल्याशिवाय विम्याच्या दाव्याला अर्थ राहत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, आणि अपघात झाला तर नुकसानभरपाई खिशातून. पीयूसी गाडी चालू झाल्यावर काढता येईल. जुन्या गाडीला ती सहा महिन्यांची मिळते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबरप्लेटही बसवावी लागते. दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरलेला आहे.

एक बारीक गोष्ट. आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट मागतात. तो नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो आणि नेमका तिथेच गंज बसतो. पॉलिश पेपरने खसाखसा घासू नका, अक्षरं उडतील. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं.

स्वतःचं लायसन्सही काढून बघा. मुदत संपून वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. चाळिशीपुढे डॉक्टरांचा फॉर्म १-अ जोडावा लागतो.

नुसतं बघा

गाडी उजेडात ओढा आणि पाना हातात न घेता एक फेरी मारा. सीट उचलण्यापूर्वी काठीने दोनदा आपटा. कोकणात सीटखाली काय बसलं असेल ते सांगता येत नाही. आत उंदराचं घरटं असेल तर वायरिंग कुरतडलेलं आहे असंच धरून चाला. कुरतडलेली वायर इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नका, तेवढा तुकडा बदला.

सायलेन्सरच्या तोंडात बोट घाला. कुंभारमाशीला हे भोक फार आवडतं आणि तिच्या मातीने सायलेन्सर पार बुजलेला असू शकतो. एअर फिल्टरचा डबा उघडा. जुना फोम बोटाने दाबला की पिठासारखा भुगा होतो. तो भुगा कार्ब्युरेटरमध्ये गेला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात, म्हणून फिल्टर साफ न करता नवा टाका.

चाकं आणि ब्रेक

टायरवर नक्षी भरपूर आहे म्हणून लोक टायर ठेवतात. नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३४०९ लिहिलं असेल तर तो २००९ सालच्या ३४ व्या आठवड्यातला टायर. रबर वापरलं नाही तरी वाळतं आणि कडक होतं. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, त्यात बाजूला बारीक चिरा, म्हणजे ओल्या रस्त्यावर त्याच्यावर भरवसा नाही. दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टीही बदला. पंक्चरवाला म्हणेल ट्यूब चांगली आहे. ऐकू नका. हवा कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. स्प्लेंडरला एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय.

टायर काढलेले असतानाच चाकाच्या तारा (स्पोक) तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने एकेक तार वाजवा. ताठ तार टण वाजते, ढिली तार बद्द. मधेच बद्द आवाज आला की तारा आवळून चाक सरळ करणाऱ्याकडे न्या. ॲलॉय असेल तर हा प्रश्नच नाही.

आता ब्रेक, आणि इथे वेळ घालवा. चाक काढलं की ड्रममध्ये काळी धूळ दिसेल. ती तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या. लायनर जाड दिसला तरी नखाने त्याची कड उचकटून बघा. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की लायनर ज्या डिंकाने ब्रेक शूला चिकटवलेला असतो तो सुटतो. असा लायनर ब्रेक मारताना सुटला तर चाक जागेवर जाम होतं. स्प्लेंडरचे ब्रेक शू फार महाग नाहीत. शंका आली की बदला आणि कंपनीचेच घ्या.

ड्रमच्या आतला गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. ब्रेक शूला पसरवणारी जी कॅम असते ती बाहेर ओढून साफ करा आणि तिला ग्रीसचं बोट नुसतं लावल्यासारखं करा. जास्त ग्रीस गरम होऊन लायनरवर जातं. ही कॅम गंजून अडकली की ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि चाक तापत राहतं. पुढच्या ब्रेकची केबल वरून ऑइल सोडून खाली थेंब येईपर्यंत भिजवा. एक जरी तार तुटलेली दिसली तर नवी टाका.

डिस्क असलेल्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. झाकणावर लिहिलेलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, भरा आणि जुनं पूर्ण काढून टाका. कॅलिपरचा पिस्टन मागे जात नसेल तर तो उघडावाच लागेल. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग निघतो, लगेच पाण्याने धुवा.

सगळं जोडल्यावर इंजिन बंद ठेवून गाडी ढकला. चालण्याच्या वेगात आधी फक्त पुढचा ब्रेक, मग फक्त मागचा. प्रत्येक वेळी गाडी अडली पाहिजे आणि ब्रेक सोडताच चाक मोकळं फिरलं पाहिजे. हे झाल्याशिवाय पेट्रोलला हात लावू नका.

टाकी आणि कार्ब्युरेटर

जुन्या पेट्रोलचा वास ओळखीचा नसतो, वार्निशच्या डब्यासारखा येतो. ते इंजिनात जाऊ देऊ नका, गटारातही ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. टाकीत बघायला बॅटरीचा टॉर्च वापरा. काडी किंवा लायटर पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत.

आतून नुसती तांबूस छटा असेल तर कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढून भोक बंद करा, टाकीत साधं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. हट्टी गंजासाठी सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा आत टाकून टाकी हलवा. मग ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि उन्हात पूर्ण वाळवा. वाळल्यावर लगेच थोडं पेट्रोल फिरवून घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत गंज चढतो. पत्रा पोखरून भोकं पडली असतील तर वेल्डिंग करत बसण्यापेक्षा दुसरी टाकी शोधा.

कॉकची जाळी साफ करा आणि रबरी नळी नवीच टाका. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि तुमची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. जुनी नळी, कॉकचे वायसर, कार्ब्युरेटरच्या रिंगा त्यात फुगतात किंवा चिकट होतात. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे पेट्रोल फार दिवस साठून राहिलं की टाकीच्या तळाला पाणी जमू लागतं. पहिले काही महिने एक-दोन लिटरच भरा, वापरा, परत भरा.

कार्ब्युरेटर उघडायला हात कापत असतील तर मेकॅनिककडे द्या, पण समोर बसून बघा. खालची वाटी काढल्यावर तळाशी हिरवट-पिवळा साका दिसतो. त्यात दोन पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, असतात. मोठं साफ करणं सोपं. गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, न टिकण्याचं कारण बहुतेक वेळा लहान जेट असतं, कारण त्याचं भोक केसाएवढं असतं. ते काढून डोळ्यासमोर उजेडात धरा. गोल उजेड दिसला पाहिजे, अर्धचंद्र नव्हे. क्लीनरचा स्प्रे मारा, थोडं थांबा, परत मारा, आणि कॉम्प्रेसरची हवा द्या. सुई किंवा स्टीलची तार घातली तर भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिते. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत हळूच टेकेपर्यंत किती आटे फिरतो ते मोजून लिहून ठेवा. जोडताना तेवढेच आटे बाहेर.

ऑइल, प्लग आणि पहिली किक

स्पार्क प्लग काढा. भोकातून इंजिन ऑइल अगदी चमचाभर सोडा आणि वर फडकं टाकून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी डबल स्टँडवर गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. फिरलं तर पिस्टन मोकळा आहे. अडलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडून दोन-तीन दिवस थांबा. तरीही हललं नाही तर हेड उघडावं लागेल, आणि ते घरचं काम नाही.

मग जुनं ऑइल काढा. काळं आलं तर ठीक. ताकासारखं पांढुरकं आलं तर आत पाणी आहे. असं असेल तर नवं ऑइल थोड्याच वेळात पुन्हा बदलायची तयारी ठेवा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० चालतं, पण डबा बाइकचाच घ्या. कारच्या ऑइलने क्लच घसरतो, कारण बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

नवं ऑइल भरल्यावर प्लग न लावताच, चावी बंद ठेवून, वीस-पंचवीस हलक्या किका मारा. यामुळे पंप ऑइल वर हेडपर्यंत चढवतो. भोकाच्या समोर तोंड नेऊ नका, ऑइलची चूळ बाहेर येते. त्यानंतर नवा प्लग घट्ट करा.

आता गाडी अंगणात घ्या. बंद पडवीत किंवा बेसमेंटमध्ये सुरू करू नका, धूर विषारी असतो. कॉक उघडा आणि कार्ब्युरेटर भरेपर्यंत मिनिटभर थांबा. चोक ओढा, ॲक्सिलरेटरला हात न लावता किक मारा. खालच्या नळीतून पेट्रोल टपकत राहिलं तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) अडकली आहे. कॉक बंद करून वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच टकटक करा.

चालू झाल्यावर भरपूर पांढरा धूर येईल. ते तुम्हीच सोडलेलं ऑइल, घाबरू नका. दहा-पंधरा मिनिटांनंतरही निळसर धूर येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलं आहे. इंजिन रेस करू नका, आयडलला तापू द्या.

बॅटरी बहुतेक मेलेलीच असते. मीटरवर १०.५ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर चार्जिंगला लावून वेळ घालवू नका. जुनी स्प्लेंडर बॅटरीशिवायही किकवर चालू होते, पण तशी चालवत राहिलात तर बल्ब उडतात. इंजिन थोडं चढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

क्लच आणि चेन

बरेच दिवस उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून पहिला टाकताच गाडी उडी मारते ती यामुळे. म्हणून इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकून, क्लच पूर्ण दाबून गाडी पुढे-मागे हलवा. प्लेटा सुटल्या की चाक मोकळं फिरेल. पहिल्यांदा गिअर टाकाल तेव्हा समोर मोकळी जागा हवी, भिंत नको.

स्प्लेंडरची चेन कव्हरमध्ये असल्याने बऱ्यापैकी वाचते. कव्हरवरचं रबरी बूच काढून बोट घाला. चेन साधारण इंचभर वर-खाली व्हायला हवी. कडी अडकून वाकडी राहत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नाहीतर साफ करून नव्वद नंबर ऑइल पुरे.

गाडी वेगळी असेल तर

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये उभं राहून ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं. किक जड लागते आणि धूर होतो; खालचं ऑइल काढूनच सुरू करा. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील वाळतात, मग आयडल वर-खाली होत राहतं. त्यांच्या टू-टी ऑइलच्या टाकीत आणि नळीत जुनं घट्ट झालेलं ऑइल असतं, ते पूर्ण काढा. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत टाकीतला पंप अडकतो. चावी लावल्यावर पंपाचा ‘झूं’ आवाज आला नाही तर घरी खटपट न करता सर्व्हिस सेंटरला न्या.

आता चालवणाऱ्याचं

मधली वर्षं बहुतेकांनी स्कूटर किंवा कार चालवलेली असते. स्कूटरवाल्यांनी नीट वाचा. स्कूटरवर डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, बाइकवर तिथे क्लच आहे. कुत्रं आडवं आलं की बोटं सवयीने डावी लिव्हर आवळतात, आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते. उजवा पाय तर ब्रेक विसरलेलाच असतो. हे समजून घेऊन भागत नाही, ते अंगात पुन्हा बसवावं लागतं.

शाळेचं मैदान किंवा रिकामा रस्ता गाठा, सकाळी लवकर. आधी अर्ध्या क्लचवर, चालत्या माणसाच्या वेगाने सरळ जा. मग दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा, नजर दगडावर नाही तर पुढे जायचंय तिथे. मग ताशी ३० वर येऊन ठरलेल्या खुणेपाशी थांबायचं, दोन्ही ब्रेक एकत्र. ‘पुढचा ब्रेक मारलास तर उलटशील’ हे आपल्या सगळ्यांना लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं. झटक्यात मारला तर खरंच घसरतो. पण ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, त्यामुळे गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचं चाकच करतं. लिव्हर हळूहळू आवळत नेण्याची सवय करा. खडी आणि वाळूवर तो जपून.

गिअरही वेगळे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकी वर. उभ्या स्प्लेंडरवर चौथ्यानंतर पुन्हा दाबलं की न्यूट्रल येतो. इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. नव्या गाड्यांसारखा दिवा आपोआप लागत नाही, तो दिवसाही लावून ठेवलेला बरा. आरसे दोन्ही लावा. आरशांनी गाडीची शोभा जाते असं वाटण्याचं वय आता गेलं.

हेल्मेट जुनं वापरू नका. आतला थर्माकोल वाळून ठिसूळ होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. आयएसआय मार्कचं नवं घ्या, हनुवटीचा पट्टा लावून डोकं हलवून बघा. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर तेही आधी.

पहिले काही दिवस एकटेच चला, मागे कुणी नको. पाऊस, रात्र आणि घाट सोडा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर संध्याकाळी जाऊ नका. दिवे नसलेली ट्रॉली अंधारात दिसतच नाही, आणि सांडलेल्या चिपाडांवरून टायर घसरतो. पुढे घाट उतराल तेव्हा ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. जुने ड्रम ब्रेक तापले की हाताला लागेनासे होतात.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की ऑइल परत बदला, जुनी घाण त्यात धुऊन आलेली असते. त्याच वेळी सगळे नट-बोल्ट पान्याने तपासा, ब्रेक आणि चेन परत ॲडजस्ट करा. शॉकअपच्या दांड्यांवर ऑइलचा ओघळ दिसतो का बघा. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. लांब जाताना डिकीत प्लग, प्लग पाना, क्लच केबल आणि पक्कड असू द्या. आणि महिनाभर गाडी हलणार नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, गाडी डबल स्टँडवर घ्या, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा आणि तसं लिहिलेली चिठ्ठी चावीला बांधा.